डिप्रेशनमधून बाहेर येताना सपोर्ट ग्रुपचा खरंच उपयोग होतो का?

सांजवात

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मला डिप्रेशनचं निदान झालं. गोळ्या सुरू आहेत, काउन्सेलिंगही चालू आहे. सगळ्यात वाईट काळ सरला असं म्हणता येईल. झोप लागते, जेवण जातं, कामावर परत रुजू झालेय. डॉक्टर म्हणतात सुधारणा चांगली आहे. घरचे विचारतात, "झालीस ना आता बरी?" मी "हो" म्हणते, कारण "नाही" म्हटलं तर त्यापुढे काय सांगायचं ते सुचत नाही. रडू येत नाही हल्ली. पण कशाची वाट बघावी असंही काही वाटत नाही. पुढच्या महिन्यातलं काही कोणी ठरवायला लागलं की माझी पाटी कोरी.

काउन्सेलरने एक सपोर्ट ग्रुप सुचवलाय. आठवड्यातून एकदा, ऑनलाइन. येणारे सगळे डिप्रेशनमधून गेलेले किंवा जात असलेले, चालवणारेही त्यांच्यातलेच. माझ्या दोन शंका आहेत. स्वतःचंच पेलवत नाही तिथे दुसऱ्यांचं ऐकून मी आणखी खाली नाही का जाणार? आणि दुसरी जरा आगाऊ वाटेल, पण विचारतेच. ज्यांना स्वतःलाच आशा वाटत नाही अशी दहा माणसं एकत्र बसली तर आशा येणार कुठून? शून्याला दहाने गुणलं तरी शून्यच.

अनुभव असेल त्यांनी लिहा. "सकारात्मक विचार कर" सोडून काहीही चालेल.

खुसपट

ती अट घातलीत आणि निम्मे प्रतिसाद जागच्या जागी बाद केलेत की हो. :)

रानवाट

सांजवात, धागा काढलात हे बरं केलंत. मी अशा ग्रुपला जातो, आता अधूनमधून चालवायलाही मदत करतो. त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे धरून वाचा.

सुरुवातीला नुसता बसायचो. एकदा एकजण म्हणाला, "काल मी मोबाइलवर साठलेले सगळे निरोप उघडले. उत्तरं नाही दिली. उघडले फक्त." आणि स्क्रीनवरचे सगळे चेहरे असे हलले की यांना हे कळलंय हे मला कळलं. माझ्याही फोनवर तसाच ढिगारा होता. बाहेर कुणाला हे सांगितलं असतं तर "मग उत्तरं का नाही दिलीस?" हाच पुढचा प्रश्न आला असता.

आशेचं म्हणाल तर डॉक्टर मला पहिल्या भेटीपासून सांगत होते की यातून माणसं बाहेर येतात. माझा विश्वास नव्हता. मनात यायचं, हे यांना सांगावंच लागतं. पूर्ण खडखडीत बऱ्या झालेल्यांच्या कहाण्या ऐकून तर उलट लाज वाटायची, हे लोक कुठल्या मातीचे आणि मी कुठल्या. पण तो निरोप उघडणारा माणूस माझ्यापेक्षा जेमतेम दोनचार पावलं पुढे होता. त्याचं पटलं. तेवढं आपल्यालाही जमेल असं वाटलं.

मोजपट्टी

दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून मी.

मीही एका ग्रुपमध्ये होते. कुठल्या ते महत्त्वाचं नाही. मीटिंगला ना कोणी सूत्र धरणारं, ना वेळेचं बंधन. ज्याला बोलायचं त्याने बोलायचं, आणि बोलणारे दर वेळी तेच दोघं-तिघं. दर वेळी तीच गोष्ट, त्याच शब्दांत. त्यातून जोडीला चॅट ग्रुप. रात्री-अपरात्री कोणीतरी लिहायचं, "आज फार वाईट आहे", की त्यावर रांगेने "माझंही", "माझंही". मी मोबाइल उशाशी घेऊन झोपायला लागले, न जाणो कोणाला गरज पडेल. माझी स्वतःची झोप नुकती कुठे जागेवर येत होती, ती गेली. सोडला ग्रुप. सोडल्यावर बरं वाटलं.

एकच दुःख दोघांनी मिळून पुनःपुन्हा घोळवत बसण्यावर अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंचं २००२ मधलं काम आहे, शाळकरी मुलामुलींवर केलेलं. त्यात असं दिसलं की अशाने मैत्री घट्ट होते, पण त्याच जोडीने निराशेची लक्षणंही जास्त आढळतात. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमचाही ग्रुप घट्ट होताच की!

त्यामुळे सांजवात, तुमची पहिली शंका मुळीच अनाठायी नाही.

टवाळखोर

"सकारात्मक विचार कर" या सदरात मोडणारी पण त्या अटीतून निसटलेली माझ्या संग्रहातली रत्नं:

"मनावर घेऊ नकोस."
"अमक्याकडे बघ, त्याचं तुझ्यापेक्षा किती वाईट आहे, तरी हसतो."
"तुला वेळ फार मिळतो म्हणून होतं हे."
"तुला वेळच मिळत नाही म्हणून होतं हे." (शेवटची दोन एकाच व्यक्तीकडून, एकाच फोनमध्ये.)

खुसपट

"एखादा छंद जोड" राहिलं.

टवाळखोर

जोडला होता. छतावरच्या पंख्याची पाती मोजायचो. तीनच निघतात दर वेळी.

पिंपळपान

टवाळखोर, हसू आलं आणि पोटात तुटलंही.

मी शुभंकर (म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारी) आहे, माझे यजमान शुभार्थी (म्हणजे आजार असलेले). त्यांना ग्रुपला जा म्हणून सांगून मी थकले. "लोकांसमोर रडायला जाऊ का?" म्हणतात. त्यांच्या वतीने मी जाऊन ऐकलं तर चालतं का? आणि खरं सांगायचं तर मलाच कोणाशी तरी बोलायचंय. त्यांच्यासमोर मी सतत ठीक असते.

नाडी

मी या क्षेत्रात काम करते. इथे कोणालाही वैयक्तिक सल्ला देत नाही, तो आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्या. पण सांजवात यांनी जे वर्णन केलंय ते इतकं वारंवार दिसतं की थोडं लिहिते.

डिप्रेशन मोजायला आम्ही एक नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतो. त्यात पहिलाच प्रश्न असतो, कशात रस किंवा आनंद वाटत नाही असं होतं का? आणि उदास, निराश वाटतं का, हा त्यानंतरचा वेगळा प्रश्न. हे दोन्ही एकाच वेगाने सुधारतील असं नाही. झोप, भूक, कामाची ताकद आधी परत येते आणि रस वाटणं, पुढचं काही ठरवावंसं वाटणं रेंगाळतं, असं बऱ्याच जणांचं होतं. बाहेरून माणूस बरा दिसतो, आत तो अर्ध्या वाटेवर असतो. या उरलेल्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये, कारण ती उरली तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून पुढच्या भेटीत "बरी आहे" एवढंच सांगून उठू नका. "रडू येत नाही, पण कशाचीच वाट बघावीशी वाटत नाही" हे तुमचं वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. त्यावरून औषधात किंवा थेरपीत बदल करता येतो.

ग्रुपबद्दल: डिप्रेशनसाठी सहरुग्णांच्या आधाराच्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये एक विश्लेषण झालं. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने लक्षणं जास्त कमी झाली, आणि गटाने घेतल्या जाणाऱ्या विचार-वर्तन थेरपीशी तुलना केली तर ठळक फरक दिसला नाही. उपचार सोडून ग्रुपला जा, असा याचा अर्थ नाही. पण "नुसत्या गप्पा" म्हणून उडवून लावण्यासारखंही ते नाही.

मोजपट्टी यांनी लिहिलंय तेही खरं. सूत्र नसलेल्या गटात तसं होतं.

ठाम

एवढी मोठमोठी पोस्ट लिहिण्यापेक्षा सरळ सांगा ना, की गोळ्यांनी काही होत नाही. मी माझ्या मर्जीने बंद केल्या, रोज पळायला लागलो, चार माणसांत मिसळलो. आज ठणठणीत. ग्रुप मिळतोय ना? मग गोळ्या फेका.

नाडी

तुम्ही बरे आहात याचा आनंद आहे, आणि पळण्याचा उपयोग होतो यात वादच नाही. पण "गोळ्या फेका" हे वाक्य इथे तसंच राहू देऊन चालणार नाही. या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. लक्षणं गेल्यावरही ती निदान ६ महिने, पुष्कळदा त्याहून जास्त काळ चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर थांबवल्यास आजार परतण्याचा धोका वाढतो. एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, झोपमोड, अंगात वीज सळसळल्यासारखं वाटणं, चिडचिड असं होऊ शकतं आणि माणसाला वाटतं आजारच परत आला. बंद करायच्या असतील तर जरूर करा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू डोस कमी करत.

रानवाट

आमच्या ग्रुपमध्ये एक नियम आहे, औषधाचं नाव आणि डोस यावर चर्चा नाही. "मला सकाळी गुंगी येते, डॉक्टरांना कसं विचारू?" हे चालतं. "तू हे घे, ते सोड" चालत नाही. असा नियम नसलेला ग्रुप दिसला तर लांबच राहा.

ठाम

मी माझा अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडा.

खुसपट

सोडला.

जुनाजाणता

धागा वाचतोय. मोजपट्टी यांचा अनुभव आणि रानवाट यांचा अनुभव, दोन्ही खरे असूनही इतके उलट का, याचं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडतं. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

१९३७ साली शिकागोत अब्राहम लो या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा एक स्वमदत गट सुरू केला. पुढे तो गट त्या माणसांनीच चालवला. लो १९५४ मध्ये वारले, काम थांबलं नाही. गंमत आहे ती त्यांच्या मीटिंगच्या पद्धतीत. तिथे कोणी आपली जन्मकथा सांगत बसायचं नाही. घ्यायचा तो रोजच्या जगण्यातला एक बारकासा प्रसंग. फोन वाजला आणि छातीत धडधडलं, एवढाच. तो चार टप्प्यांत सांगायचा: काय घडलं, शरीरात आणि मनात काय झालं, ते ओळखून मी काय केलं, आणि हे शिकण्याआधी असाच प्रसंग आला असता तर मी काय केलं असतं. यातच स्वतःला शाबासकी देणंही येतं, आणि ती प्रयत्नाला द्यायची, यशाला नाही. फोन उचलता आला नाही तरी चालेल, उचलायला उठलात ना, मग शाबासकी.

आता यातला चौथा टप्पा बघा. आधी काय झालं असतं. नुसतं दुःख सांगणारा माणूस गोल गोल फिरतो. चौथा टप्पा त्याला स्वतःच्याच तोंडाने सांगायला लावतो की तेव्हा आणि आता यांत फरक आहे. ऐकणाऱ्यालाही तोच फरक ऐकू येतो. मोजपट्टी यांच्या ग्रुपात पहिले दोनच टप्पे चालत असावेत.

अवांतर: बरे झालेल्यांनी आजाऱ्यांना आधार देण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पुसँ नावाचा व्यवस्थापक बऱ्या झालेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून कामावर घ्यायचा. ते मारझोड करत नाहीत, माणुसकीने वागतात, म्हणून. पिनेल या नावाजलेल्या डॉक्टरनेही त्याचं अनुकरण केलं.

टवाळखोर

जुनाजाणता, चौथा टप्पा करून बघितला. आधी: पंख्याची पाती मोजायचो. आता: पाती मोजतो आणि इथे येऊन सांगतो. प्रगती धरायची का?

जुनाजाणता

धरायची. आणि शाबासकी घ्यायची.

एकला_जीव

माझा जरा वेगळा सूर. मला माणसांत बसून बरं वाटत नाही, आधीही वाटायचं नाही. त्यामुळे ग्रुप माझ्यासाठी शिक्षाच झाला असता. सगळ्यांनी ग्रुप ग्रुप केल्यावर न जाणाऱ्याला वाटायला लागतं की आपण बरं व्हायलाही नालायक. तसं काही नसतं, एवढं सांगायला लिहितोय.

दुसरं म्हणजे आशा. मी तिची वाट बघणंच सोडून दिलं होतं. थेरपिस्टने एक वही दिली. त्यात रोज उद्याची दोनतीन अगदी फालतू कामं लिहायची, वेळेसकट. मन लागो न लागो, ठरल्या वेळी ती करायची, आणि नंतर ते करताना किती बरं वाटलं त्याला दहापैकी मार्क द्यायचे. बहुतेक वेळा दोन. एकदा कपाट आवरताना पाच. इच्छा झाली की उठू, असं म्हणत बसलो असतो तर अजून अंथरुणातच असतो. आधी हातपाय हलले, इच्छा मागून आली. आशा तर त्याच्याही मागून आली, ती कधी आली ते मला कळलंसुद्धा नाही.

नाडी

याला वर्तन-सक्रियता म्हणतात, आणि डिप्रेशनवर त्याचा पुरावा चांगला भक्कम आहे. एकट्याने करता येतं, पण ठरलेलं केलं का हे विचारणारं कोणी असेल तर टिकायला सोपं जातं. ते कोणी म्हणजे ग्रुपच असला पाहिजे असं नाही. एक माणूसही पुरतं.

पिंपळपान

एकला_जीव, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचायला दिला. काही बोलले नाहीत, पण वही कुठे ठेवलीय ते विचारलं.

नवी_पालवी

हा धागा सारखा उघडतेय. मला ग्रुप नको, वही नको, काहीच नको आहे. कधीकधी वाटतं सगळं थांबावं. इतके दिवस कोणाला बोलले नाही. इथे लिहितानाही वाटतंय की उगाच लोकांना ताप. नंतर उडवून टाकेन प्रतिसाद.

मोजपट्टी

उडवू नका. ताप वगैरे काही नाही.

सरळ विचारते. "सगळं थांबावं" म्हणजे जीव द्यावासा वाटतो, असं आहे का? असेल तर लाजण्यासारखं काही नाही, माझ्याही डोक्यात ते येऊन गेलंय. आत्ता तुम्ही एकट्या आहात का? जवळ कोणी असेल तर आत्ताच त्यांच्यापाशी जाऊन बसा. बोलायला जमत नसेल तर तुमचा वरचा प्रतिसाद त्यांना नुसता दाखवा. मी जागी आहे.

संपादक मंडळ

नवी_पालवी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, कृपया पाहा. असे विचार तीव्र असतील किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर इथल्या उत्तरांची वाट पाहू नका. आपल्या भागातल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा किंवा कोणाला सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. इतर सदस्यांना विनंती, या प्रतिसादावर उपदेश करू नये.

नाडी

मोजपट्टी, सरळ विचारलंत ते योग्य केलंत. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो.

नवी_पालवी

बहिणीला उठवलं. तिला प्रतिसाद दाखवला. ती रडली, मग तिने डॉक्टर शोधायला घेतले. सकाळी जाणार आहोत. मोजपट्टीताई, व्यनिबद्दल धन्यवाद. जास्त लिहीत नाही.

रानवाट

जाऊन आलात की एक ओळ लिहा. नाही लिहिलीत तरी चालेल.

सांजवात

दोन दिवस लॉगिन केलं नव्हतं. एवढं सगळं घडलं इथे. नवी_पालवी, मला काही मोठं सुचत नाहीये, पण तुमच्या प्रतिसादाखाली माझंही नाव आहे असं समजा.

सगळ्यांचे आभार. पहिल्या शंकेचं उत्तर मिळालं असं वाटतंय, ग्रुप कसा चालवतात त्यावर बरंच आहे. शून्याचं गणित मात्र अजून सुटलेलं नाही.

खुसपट

गणितात चूक आहे म्हणून सुटत नाहीये. दहाही जण एकाच दिवशी शून्यावर असतील हे कशावरून धरलंत?

रानवाट

नेमकं. मी ज्या दिवशी तळाला असतो त्या दिवशी दुसरा कोणीतरी बरा असतो. पुढच्या आठवड्यात उलट. आणि आपण स्वतः तळाला असूनही समोरच्याला "थांब, हे ओसरतं" असं सांगतो, तेव्हा ते आपल्याच कानावर पडतं. ग्रुप चालवायला लागल्यापासून मला याचा फायदा घेण्यापेक्षा देण्यात जास्त झालाय.

जुनाजाणता

फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हेच मांडलं होतं. मदत करणाऱ्यालाच मदतीचा मोठा लाभ होतो.

मोजपट्टी

होतो, पण लाभाच्या नादात स्वतःची झोप जाते हेही लिहा रे कोणीतरी. दर वेळी मीच का?

नाडी

लिहिते. रात्रीचं जागरण ही डिप्रेशनमधल्या माणसाने कोणासाठीही पत्करू नये अशी गोष्ट आहे. (नवी_पालवीची रात्र अपवाद, मोजपट्टी.)

शून्याच्या गणितात माझी एक भर. १९८६ मध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या दोघांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांच्या स्मरणशक्तीवर अभ्यास केला. एखादा शब्द देऊन त्यावरून आठवणारा प्रसंग विचारला, तर ही माणसं नेमका प्रसंग सांगू शकत नव्हती. "अमुक दिवशी असं झालं" याऐवजी "तेव्हा छान असायचं", "मला कधीच जमत नाही" असं मोघम बोलत. पुढे डिप्रेशनच्या बाकीच्या रुग्णांतही हे वारंवार आढळलं, आणि काहींमध्ये बरं झाल्यावरही काही काळ टिकतं. ज्याला मागचे नेमके दिवस आठवत नाहीत त्याला पुढचे नेमके दिवस कसे दिसणार? सांजवात, पुढच्या महिन्याची तुमची पाटी कोरी आहे ती यामुळेही असू शकेल. तो स्वभाव नाही, आळस तर नाहीच.

इथे ग्रुपचा एक फार साधा उपयोग असतो. तिथे तुमचे प्रसंग दुसऱ्यांच्या लक्षात राहतात. "मागे तू म्हणाली होतीस की भाचीबरोबर दुपार मजेत गेली" असं कोणीतरी म्हणतं, आणि तुम्ही ते साफ विसरलेला असता.

एकला_जीव

माझ्या वहीने हेच केलं की! कपाटाचे पाच मार्क मला वही नसती तर आठवले नसते.

टवाळखोर

माझे पंख्याचे तीन मार्क मात्र कायम लक्षात आहेत.

पिंपळपान

माझ्या प्रश्नाचं राहिलं हो मंडळी. शुभंकरांनी जायचं कुठे?

रानवाट

माफ करा पिंपळपान, मधल्या गडबडीत राहून गेलं. शुभार्थींच्या मीटिंगला शक्यतो नातेवाईक नसावेत, कारण घरचं माणूस समोर असलं की बोलणारा शब्द तोलायला लागतो. पण शुभंकरांचे वेगळे गट असतात. यजमान येवोत न येवोत, तुम्ही तिथे स्वतःसाठी जा. आमच्याकडे असं पुष्कळदा झालंय की आधी बायको शुभंकरांच्या गटात गेली आणि मग "तिथे काय बोलता तुम्ही?" या उत्सुकतेपोटी नवरा आला. न आलाच तर तुम्ही तर मोकळ्या झालात.

जुनाजाणता

पिंपळपान, "लोकांसमोर रडायला जाऊ का" म्हणणाऱ्यांसाठी एक. झिंबाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ पासून एक उपक्रम चालवलाय. प्रशिक्षण दिलेल्या आज्या दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून माणसांशी बोलतात. २०१६ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली, फायदा स्पष्ट दिसला. त्यातला मला आवडलेला भाग त्यानंतरचा. बाकावरच्या भेटी झाल्या की मदतीसाठी आलेल्या स्त्रियांचे गट जमतात, आणि बोलता बोलता हातांनी विणकाम चालू असतं. हाताला काम असलं की नजर खाली ठेवता येते, आणि बोलणं सोपं जातं. यजमानांना हातांनी काही करायला आवडत असेल तर तशी जागा शोधा.

नवी_पालवी

जाऊन आले. औषध सुरू केलंय. बहीण गोळ्या स्वतःकडे ठेवते आणि रोजची हातात देते. आज एवढंच.

मोजपट्टी

एवढं पुष्कळ आहे.

सांजवात

वा, नवी_पालवी.

मीटिंग उद्याच आहे. आता अगदी बारकी शंका. कॅमेरा बंद ठेवला तर लोक काही म्हणतात का? आणि मध्येच उठून जावंसं वाटलं तर?

रानवाट

काही म्हणत नाहीत. चालवणाऱ्यांना आधी एक ओळीचा निरोप टाका, "पहिलीच वेळ आहे, ऐकणार आहे फक्त." मग तुम्हाला कोणी बोलतं करायला जाणार नाही. खरं नाव सांगायची सक्ती नसावी, असेल तर तो ग्रुप खटकण्यासारखा आहे. मध्येच जायचं झालं तर चॅटमध्ये "निघते, बरी आहे" एवढं लिहून जा, म्हणजे मागे कोणी काळजी करत बसत नाही. आणि दोन गोष्टी विचारून घ्या: इथलं बोलणं बाहेर जात नाही ना, आणि कोणाला जिवाचा धोका वाटला तर तुम्ही काय करता? दुसऱ्याचं नीट उत्तर नसेल तर मोजपट्टींच्या ग्रुपचा भाऊबंद समजा.

सांजवात

ठीक. आवाज बंद, कॅमेरा बंद, मी चालू.

मोजपट्टी

दोनतीनदा जाऊन बघा. नाही पटलं तर सोडा, आणि सोडलंत तर तेही इथे येऊन लिहा. ज्यांना उपयोग झाला ते लिहितात, सोडून गेलेले कुठेच लिहीत नाहीत.